बटणातली पाचर

माझ्या दुकानातून गेलेलं मशीन परत येत नाही, असं मी सिल्वासातल्या आमलीत सतरा वर्षं सांगत आलो. थोडं फुशारकीनंच सांगत होतो, हे कबूल. माझी बायको प्रमिला म्हणते, "तुमचं नाक तुमच्या आधी दुकानात पोचतं." पण काम चोख होतं. सिल्वासातल्या शाळांची, छोट्या ऑफिसांची, अकाउंट्स शिकवणाऱ्या क्लासांची मशीनं माझ्याकडे येत आणि एकदा दुरुस्त झाली की वर्षभर तोंड दाखवत नसत. म्हणून संजूचा कॉम्प्युटर दोन आठवड्यांत तिसऱ्यांदा बिघडला, तेव्हा मला त्याची काळजी नंतर वाटली. आधी राग आला.

पहिल्यांदा आला तो त्याच्या आईबरोबर, नोव्हेंबरात. आईनं सीपीयूचा डबा कडेवर घेतला होता, लहान मूल घेतात तसा. मुलगा चोवीस-पंचविशीचा, हात खिशात घालून मागे उभा. मी म्हणालो, "अहो, पोरगा रिकाम्या हातानं आणि आई ओझं उचलतेय?" त्यानं उजवा हात खिशातून काढून काउंटरवर ठेवला. अंगठा होता. बाकी चार बोटं नव्हती.

माझी जीभ अशी आहे. बोलून झाल्यावर चावायची.

हात कुठे गेला ते मी विचारलं नाही. सिल्वासात असा हात दिसला की विचारावं लागत नाही. पत्रा कापायच्या प्रेसखाली. दुकान टाकण्याआधी मी स्वतः अकरा वर्षं एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, प्रेस शॉपमध्येच. त्या वर्षांबद्दल मी फारसं बोलत नाही. कोणी विचारलं तर पाठदुखीमुळे नोकरी सोडली म्हणून सांगतो.

"काय होतंय मशीनला?"

"काका, चालू होतं आणि बंद पडतं," संजू म्हणाला. "पंखा फिरतो, लाईट लागते, पाच सेकंदांत सगळं गप. कधी तिसऱ्या टायमाला चालू होतं, कधी होतच नाही."

"रोज?"

"रोज नाही ना. तोच तर लोचा आहे."

रोज बिघडणारं मशीन बरं. कधीतरी बिघडणारं मशीन मेकॅनिकचा जीव खातं, कारण त्याच्यासमोर ते शहाण्यासारखं वागतं. मी नेहमीसारखी सुरुवात केली. माझी एक पद्धत आहे: आलेल्या डब्याला आधी ब्लोअर मारायचा आणि मग स्पिरिटच्या फडक्यानं बाहेरून लख्ख पुसायचा. घाणेरड्या मशीनला मी स्क्रूड्रायव्हर लावत नाही. या डब्याच्या तोंडावर हळदकुंकू होतं. त्यात नवल काही नव्हतं. दसऱ्यानंतर महिना-दोन महिने निम्म्या गावाची मशीनं कपाळाला टिळा लावूनच येतात, आणि मी चरफडत पुसतो. तेही पुसलं.

मग बटण दाबलं. पहिल्या झटक्यात चालू. दहा वेळा बंद केलं, दहा वेळा चालू झालं. मी रॅम काढून खोडरबरानं तिचे दात घासले, परत बसवली, आणि म्हणालो, "धूळ होती. जा."

आई जागची हलली नाही. तिचं नाव पुतळाबाई. धुळ्याकडची, नवरा वारल्यावर मुलाला घेऊन इकडे कारखान्यात आलेली. "भाऊ," ती म्हणाली, "नक्की ना? पोऱ्याची नोकरी आहे याच्यावर."

नोकरी अशी होती. एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या मालाच्या पावत्या घरी बसून कॉम्प्युटरमध्ये भरायच्या. सकाळी बरोबर नऊला हजेरी, तीही कॉम्प्युटरवरच. नऊच्या पुढे गेलं की खाडा. पहिला महिना परीक्षेचा. त्यात तीन खाडे झाले की नाव कमी. हात गेल्यावर संजू दीड वर्ष घरात बसून होता. मग डाव्या हातानं आणि उजव्या अंगठ्यानं टाइप करायला शिकला, चार ठिकाणी नाकारला गेला, आणि पाचव्या ठिकाणी ही नोकरी लागली. एक खाडा तर आजच झाला होता.

"नक्की," मी म्हणालो.

आठवड्यानं शनिवारी दुपारी दोघं परत आली. सीपीयू आईच्याच कडेवर. दुसरा खाडा. यावेळी पुतळाबाई नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पुन्हा ब्लोअर मारला, पुसलं, चालू केलं. झालं की हो चालू! मला त्या डब्याला लाथ घालावीशी वाटली. तरी रविवारभर ठेवून घेतला. आतलं वीज पुरवणारं खोकं बदललं, बॅटरी बदलली, वायरी ओढून-ओढून पाहिल्या. दिवसभरात चाळीस वेळा चालू-बंद केलं. एकदाही रुसलं नाही. रविवारी संध्याकाळी संजू घेऊन गेला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी दहाला पुतळाबाई एकटीच आली, कडेवर काही नव्हतं. "आज आठव्यांदा चालू झालं," ती म्हणाली. "नवाले एक मिनिट कमी होता. घाईत संजूचा अंगठा बटणावर बसेना, भाऊ. उद्या तुम्ही घरी या. तुमच्या डोळ्यांनी पाहा."

मी जरा तोऱ्यातच म्हणालो की दोष तुमच्या खोलीतल्या विजेचा असणार. चाळीतली वायरिंग, एका मीटरवर दहा बिऱ्हाडं, सकाळी कारखाने सुरू झाले की व्होल्टेज बसतं. मशीन ठणठणीत आहे. ती म्हणाली, "बरं. पण या."

शनिवारी पावणेआठला गेलो. आमलीच्या मागच्या बाजूला कामगारांच्या चाळी आहेत, त्यातली एक. जिना चढून गेलं की टोकाची खोली. अर्ध्या खोलीत पडद्यामागे चूल-भांडी, कारण पुतळाबाई आता कामगारांना डबे करून देत होती. उरलेल्या अर्ध्या खोलीत खिडकीखाली टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि त्यावर जुन्या रेशमी साडीचं झाकण. ती स्वतः डबे पोचवायला बाहेर पडली होती. संजूनं मला खुर्ची दिली आणि तो खाली सतरंजीवर बसला.

मी मीटर लावून भिंतीतली वीज तपासली. दोनशे बारा व्होल्ट, पुरेशी. अर्थिंग ठीक. म्हणजे माझा तोराही गेला. आता मशीन चालू करून बघायचं, तर संजू म्हणाला, "आई आल्याशिवाय नाही, काका. तिला आवडत नाही." मला काही ते उमगलं नाही, पण वाट बघत बसलो.

बसल्या बसल्या त्यानंच विषय काढला. मला वाटतं, माझी नजर सारखी त्याच्या हाताकडे जात होती.

"शंभर टनी प्रेस होती, काका," तो म्हणाला. "उजवीकडे जरा जास्त जोरात यायची."

"कुठलं बटण बांधलेलं होतं?" मी विचारलं. तोंडातून गेलंच.

त्यानं मान वर केली. "उजवं. पाचर होती. तुम्हाला कसं माहीत?"

"मेंटेनन्सला होतो मी."

ज्यानं प्रेस पाहिली नाही त्याच्यासाठी सांगतो. त्या मशीनला दोन मोठी बटणं असतात, दोन बाजूंना. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा दाब खाली येतो. दोन्ही हात बटणांवर असले की एकही हात आत नसतो, एवढीच त्यातली अक्कल. पण त्यात वेळ जातो आणि तासाला निघणाऱ्या मालाचा आकडा पडतो. मग सुपरवायझर मेंटेनन्सवाल्याला बोलावतो, आणि मेंटेनन्सवाला एका बटणाच्या फटीत लाकडाची पाचर ठोकतो. ते बटण कायमचं दाबलेलं. कामगार डाव्या हातानं एकच बटण दाबतो आणि उजव्या हातानं माल आत सारतो. दिवसातून तीन-चार हजार वेळा. त्यातल्या एका वेळी हात मागे यायला उशीर होतो.

"आईला माहीत आहे हे?" मी विचारलं.

"नाही." तो सतरंजीचा दोरा ओढत राहिला. "मला पाचर पहिल्या दिवसापासून दिसत होती ना, काका. सगळ्यांनाच दिसते. तरी मी हात घालत होतो. आईला काय सांगू? मशीन आपोआप पडली म्हणून सांगितलं."

मी विषय बदलला. पावत्या किती भरतोस, डोळे दुखतात का, असलं काहीबाही विचारत राहिलो.

सव्वाआठला पुतळाबाई आली. हातपाय धुतले, पदर डोक्यावर घेतला, आणि पडद्यामागून एक छोटं पितळी ताट घेऊन आली. हळद, पाण्यात कालवलेलं कुंकू, अक्षता, एक झेंडूचं फूल. साडीचं झाकण काढून तिनं घडी घातली. मग हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वर चिमूटभर अक्षता. आणि हे सगळं डब्यावर कुठेही नाही; बरोबर चालू करायच्या बटणावर. बोट बटणावर टेकवून तिनं डोळे मिटले आणि ओठ हलवत थोडा वेळ तशीच उभी राहिली.

मी खुर्चीतून उठून जवळ गेलो. बटणाच्या भोवती वाळलेल्या कुंकवाचं कडं तयार झालं होतं. फटीत तांदळाचे तुकडे दिसत होते.

"हे रोज करता, ताई?"

"रोज. आणि ज्या दिवशी चालू होत नाही ना, त्या दिवशी संध्याकाळी पण करते. जास्त कुंकू लावते."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि इतकी वर्षं मिरवलेलं माझं नाक कापलं गेलं ते तिथेच. या डब्याचं बटण चार-पाच सेकंद दाबलेलं राहिलं की मशीनला वाटतं, मालकाला ते बंद करायचं आहे. ते इमानदारीनं बंद होतं. कुंकवानं चिकटलेलं, अक्षतांनी अडलेलं बटण कधी परत वर यायचं, कधी यायचं नाही. आणि ते माझ्या दुकानात आलं की मी पहिलं काम काय करत होतो? ब्लोअर मारत होतो आणि पुसत होतो. दर वेळी दोष मीच माझ्या हातानं धुऊन टाकला आणि मग तो दिवसभर आत शोधला.

संजूनं अंगठ्यानं बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पाच सेकंदांत गप. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. आठ सत्तेचाळीस झाले होते.  पुतळाबाईनं घाईघाईनं कुंकवाच्या वाटीत बोट बुडवलं.

"थांबा!" मी ओरडलो. मग आवाज खाली आणून म्हणालो, "ताई, तुम्ही चहा टाका. मी बघतो."

ती पडद्याआड गेली. मी पुढची पट्टी उचकटली, बारीक सुईनं फट कोरली, स्पिरिटचा बोळा फिरवला. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा अर्धा दाणा माझ्या तळहातावर पडला. संजूनं तो पाहिला, मग ताटाकडे पाहिलं. त्याला सांगावं लागलं नाही. "आईला सांगू नका, काका," तो कुजबुजला. मी पट्टी बसवली, बटण दाबलं. चालू. आठ छप्पन्न. नऊला तीन मिनिटं असताना संजूची हजेरी लागली.

मी दाणा खिशात टाकला आणि चहाचा कप घेऊन बाहेर गॅलरीत आलो. पुतळाबाई मागोमाग आली.

"काय होतं, भाऊ?"

"वायर सैल होती," मी म्हणालो.

"आज कुंकू जास्त लावलं होतं," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच जरा हसली. मग कठड्याला टेकली, आणि मी न विचारता सांगायला लागली.

ती आणि संजू एकाच कारखान्यात होती. ती पॅकिंगला, तो प्रेसवर. दर वर्षी खंडेनवमीला त्या लाइनच्या सगळ्या मशीनींची पूजा तीच करायची. बाकी बाया म्हणायच्या, पुतळाबाईचा हात चांगला आहे. दोन वर्षांपूर्वी कसली तरी घाईची ऑर्डर होती. ती ताट घेऊन संजूच्या प्रेसपाशी गेली, तर सुपरवायझर म्हणाला, आत्ता नाही, पाळी सुटल्यावर. पाळी सुटल्यावर दुसरी पाळी लागली. ती ताट तसंच घेऊन घरी आली.

"तिसऱ्या दिवशी त्या मशीननं हात घेतला," ती म्हणाली. "कुंकू माझ्या हातात होतं, भाऊ. दोन पावलांवर मशीन होती. मी सुपरवायझरले भ्याले आणि मागं फिरले. संजूले हे माहीत नाही. कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून या मशीनचा एक दिवस चुकवत नाही मी."

गॅलरीच्या खाली डब्यांच्या पिशव्या लावलेल्या सायकली होत्या. मी त्या बघत राहिलो. मला तिच्याकडे बघवेना. हिला मी काय सांगणार होतो? की बाई, तू ज्या मशीनवर कुंकू लावलं नाहीस त्यानं तुझ्या मुलाचा हात घेतला असं तुला वाटतं, आणि ज्या मशीनला लावतेस त्याच्यावरची मुलाची नोकरी तुझ्याच बोटानं जायला निघाली आहे? माझ्यात ती हिंमत नव्हती. दुसरी गोष्ट सांगायची हिंमत तर त्याहून नव्हती.

मी पळवाट काढली. दुपारी संजूच्या जेवणाच्या सुट्टीत परत गेलो तेव्हा पुतळाबाई जेवणाचे डबे पोचवायला गेलेली होती. सीपीयूच्या डब्यावर मोठ्या बटणाखाली एक बारीक बटण असतं, मशीन पुन्हा सुरू करायचं. ते कोणी वापरत नाही. मी आतून मोठ्या बटणाची वायर काढली आणि तिच्या जागी बारीक बटणाची लावली. आता बारीक बटणानं मशीन चालू होईल आणि मोठं बटण नुसतं दिसायला राहील. त्याला कितीही कुंकू लावा. संजू बघत होता. "भारी आयडिया, काका," तो म्हणाला, पण हसला नाही. मीही हसलो नाही.

मशीन त्यानंतर एकदाही अडलं नाही. मी प्रमिलालाही काही सांगितलं नाही. तांदळाचा दाणा मात्र टाकवेना. स्क्रूच्या छोट्या डबीत तो ड्रॉवरमध्ये पडून होता, आणि ड्रॉवर उघडला की दिसायचा.

पंधरा दिवसांनी सकाळी पुतळाबाई दुकानात आली. हातात पेढ्यांचा पुडा. संजूचा महिना पुरा झाला होता, नोकरी पक्की झाली होती. मी पुडा घेतला, अभिनंदन केलं. ती स्टुलावर बसली.

"आज मी म्हटलं, मी माझ्या हातानं चालू करते," ती म्हणाली. "संजू आंघोळीले गेला होता. रोज ज्या बटणावर कुंकू लावते तेच दाबलं. काहीच नाही. तीनदा दाबलं. माझा तर जीवच गेला. मंग संजू आला आणि त्यानं खालचं बारीक बटण दाबलं, लगेच चालू. म्हणे काकांनी वायर बदलली. का बदलली ते सांगेना." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "माझ्या पोऱ्याले खोटं बोलता येत नाही. तुम्हाले येतं का, ते पाहाले आले."

मला येत होतं. अकरा अधिक सतरा वर्षांची सवय होती. पण तिच्यासमोर मला त्या क्षणी माझीच किळस आली. मी ड्रॉवर उघडून डबी काढली आणि लाल दाणा काउंटरवर ठेवला.

"हा तुमच्या बटणात होता," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं. बटण कसं अडायचं, मशीन का बंद व्हायचं, मी दर वेळी पुसून टाकल्यामुळे मला का सापडलं नाही.

तिनं दाणा बोटानं उलटून पाहिला.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "दोन्ही खाडे माझेच. तिकडं लावलं नाही म्हणून हात गेला. इकडं लावलं म्हणून नोकरी जात होती." तिनं स्वतःचे दोन्ही तळहात उलटे-सुलटे करून पाहिले. "माझ्या हातातच काहीतरी आहे, भाऊ."

आता गप्प बसणं म्हणजे पाप होतं. 

"ताई, तिकडे कुंकवाचा काही संबंध नव्हता."

"तुम्हाले काय माहीत?"

"माहीत आहे. त्या प्रेसच्या उजव्या बटणात पाचर होती. बटण आधीच दाबून ठेवलेलं होतं, म्हणून संजूचा हात आत असताना ती खाली आली. तुम्ही ताटभर कुंकू ओतलं असतं तरी आली असती. संजूला माहीत आहे. त्याला वाटतं चूक त्याची आहे, म्हणून तो तुम्हाला बोलला नाही."

पुतळाबाई उठून उभी राहिली. "पाचर कोणी मारली?"

"मेंटेनन्सवाल्यानं. सुपरवायझरनं सांगितलं म्हणून."

"त्याचं नाव काय?"

"नाव मला माहीत नाही. पण तो माझ्यासारखा कोणीतरी असणार." इथपर्यंत आल्यावर थांबता येईना. "मी होतो त्या कारखान्यात सात प्रेस होत्या. सातही प्रेसच्या पाचरी मी मारल्या आहेत. बाभळीच्या लाकडाच्या, नीट तासून. ढिल्या होऊ नयेत म्हणून वरून टेप लावली. साहेबानं पाठ थोपटली होती."

मला वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. ती परत स्टुलावर बसली, पदर तोंडाला लावला आणि हुंदके देऊन रडली. मी पाणी दिलं ते घेतलं नाही. "दोन वर्षं," ती मध्येच म्हणाली. "दोन वर्षं मी त्या ताटाकडं बघून जेवले नाही धड. आणि हा पोऱ्या एकाच खोलीत गप बसला. मी पण गप बसले." मग हळूहळू रडणं थांबलं. तिनं डोळे पुसले. चेहरा सुजला होता, पण काहीतरी उतरलं होतं त्यावरून. खांदे खाली आले होते.

दुकानातून निघताना ती दाराशी थांबली.

"ती सात मशीनं आता कशी आहेत?"

"माहीत नाही."

"कोणाचा हात गेला का?"

"माहीत नाही, ताई. सोडल्यावर मी तिकडे गेलो नाही."

"मी बाईमाणूस, अडाणी," पुतळाबाई म्हणाली. "माझी चूक नव्हती, तरी दोन वर्षं रोज विचारत होते, माझं काय चुकलं. आणि तुम्ही सतरा वर्षांत एकदा पण विचारलं नाही?"

ती गेली. पेढ्यांचा पुडा काउंटरवर तसाच होता, शेजारी तो दाणा. एक गिऱ्हाईक प्रिंटर घेऊन आलं, त्याला मी दुपारी या म्हणून परत पाठवलं. मग फोनमध्ये नवनाथचा नंबर शोधला. तो मेंटेनन्सला माझ्या हाताखाली होता, अजून तिथेच आहे; दिवाळीला शुभेच्छा पाठवतो, मी उत्तर देत नाही.

"साहेब!" त्याचा आवाज एकदम खुलला. "आज कशी आठवण काढली?"

"नवनाथ, आपल्या त्या प्रेस आहेत का अजून?"

"पाच चालू आहेत. दोन गेल्या भंगारात."

"त्यांच्या उजव्या बटणांच्या पाचरी?"

तो मोठ्यानं हसला. "त्या तुमच्या हातच्या ना! सतरा वर्षांत एक ढिली झाली नाही, साहेब. मी नव्या लोकांना नेऊन दाखवतो, काम करावं तर असं."

माझ्या दुकानातून गेलेलं मशीन परत येत नाही. मी काउंटरची कड धरली.

"नवनाथ, मी सोडल्यानंतर तिथे कोणाचा हात गेला का?"

त्याचं हसणं थांबलं. मागे प्रेसचा आवाज येत होता, ठराविक, दोन सेकंदाला एक. मला तो अजून ओळखता येत होता.

"आत्ता कशाला विचारताय, साहेब?"

"गेला का?"

"आधी तुम्ही बसा कुठेतरी," नवनाथ म्हणाला.

पुतळाबाई बसली होती त्या स्टुलावर मी बसलो. पावतीपुस्तक पुढे ओढलं, कोऱ्या बाजूनं उलटं केलं आणि पेन उघडलं.

"बसलो," मी म्हणालो. "एकेक नाव सांग."